राखणारे हात

दहा रुपयांच्या नोटेवर कोणार्कचे चाक आहे, विसाच्या नोटेवर वेरूळचे लेणे, पन्नासाच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ, शंभराच्या नोटेवर पाटणची राणी की वाव, दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेच्या नोटेवर दिल्लीचा लाल किल्ला. तेव्हा ज्या देशात केवळ आठशे ऐंशी रुपये बाळगणारा मनुष्य सहा प्रेक्षणीय स्थळे खिशात घालून हिंडतो, त्या देशातील प्रेक्षणीय स्थळांची ओळख करून देणाऱ्या ग्रंथाला प्रस्तावना लिहावयास बसणे हे धारिष्ट्याचेच काम म्हटले पाहिजे. ताजमहाल कोणी व कोणासाठी बांधला हे शाळकरी मुलासही ठाऊक असते, आणि कुतुबमिनारची उंची त्याला ठाऊक नसली तरी ती सांगण्यासाठी वाटाडे तिकिटाच्या खिडकीपासूनच मागे लागतात. अशा स्थितीत आणखी एक ग्रंथ कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला तर त्यात गैर काही नाही. हस्तलिखित प्रथम हाती आले तेव्हा माझ्याही मनात तोच आला होता.

ग्रंथकारांनी त्याचे उत्तर आपल्या मांडणीतच देऊन ठेवले आहे. वास्तू कोणाच्या आज्ञेने उठली, किती वर्षे काम चालले, दगड कोठून आणला, हे सर्व त्यांनी दिले आहे खरे. परंतु ते चार ओळींत आटोपून प्रत्येक ठिकाणी त्यांनी एक निराळाच प्रश्न लावून धरला आहे, आणि तो असा की, बांधणारा निघून गेल्यावर ही वास्तू उभी कशी राहिली? बांधकाम हे दहा-वीस वर्षांत संपते; राखण मात्र शतकानुशतके करावी लागते, आणि तिला राज्याभिषेकाचा मुहूर्त नसतो की प्रशस्तीचा श्लोक नसतो. आपल्या मुलखातला पाऊस, दगडाच्या सांध्यात रुजणारा पिंपळ, वटवाघळे, आणि या सर्वांहून उपद्रवी असा दगडाचा गरजू शेजारी, यांच्या तडाख्यातून जे वाचले ते केवळ भक्कम होते म्हणून वाचले, असे मानणे भोळेपणाचे आहे. कोणी तरी गळती काढली, कोणी पहारा ठेवला, कोणी खर्चाची तजवीज केली, आणि काही वेळा कोणी केवळ विसरून गेले म्हणून ते वाचले. या विस्मृत मंडळींचा हा ग्रंथ आहे.

ताजमहालापासूनच आरंभ करू. १६३२ मध्ये त्याचे काम सुरू झाले. वीस वर्षांनी, म्हणजे १६५२ मध्ये, दख्खनच्या सुभेदारीवर निघालेला शाहजादा औरंगजेब वाटेत आग्र्यास थांबला आणि मातेच्या कबरीचे दर्शन घेऊन त्याने बापाला एक पत्र लिहिले. त्या पत्रात शोक थोडा व डागडुजीचा तपशील फार आहे. मोठा घुमट उत्तरेच्या अंगाने पावसाळ्यात गळतो, कमानींच्या दालनांत व लहान घुमटांत ओल आली आहे, मरम्मत केली आहे परंतु येत्या पावसाळ्यात काय होते ते पाहावे लागेल, आणि नदीपलीकडची महताब बाग यमुनेच्या पुराखाली गेली होती, असा तो अहवाल आहे. पुढे ज्याच्या स्वाऱ्यांनी महाराष्ट्राची पाव शतकाहून अधिक काळ झोप उडवली, त्या मनुष्याचे हे गवंड्याच्या भाषेतले पत्र वाचताना मौज वाटते. पण खरा मुद्दा असा की, जगातील सर्वांत पूर्ण समजली जाणारी ही इमारत पुरती उभी होते न होते तोच गळू लागली होती, आणि तेव्हापासून आजतागायत तिच्यावर कोणी ना कोणी परांची बांधून चढलेलेच आहे. त्या परांचीमुळे आपले छायाचित्र बिघडले म्हणून कुरकुरणाऱ्या प्रवाशाने हे पत्र अवश्य लक्षात ठेवावे.

कुतुबमिनारची कथा याहूनही बोलकी आहे, कारण तेथे डागडुजी करणाऱ्यांनी आपापली मुद्रा उघडउघड उमटवली आहे. ऐबकाने आरंभिलेला व अल्तमशाने वाढवलेला हा मनोरा चौदाव्या शतकात विजेने भंगला, तेव्हा फिरोजशहा तुघलकाने वरचे मजले नव्याने उभारून त्यांत संगमरवर घातला. म्हणूनच खालचे तीन मजले तांबडे व वरचे दोन पांढरट असा दुरंगी प्रकार आज दिसतो. या डागडुजीचा नागरी लिपीतील लेख मनोऱ्यावर आहे, त्यात संवत १४२६ चा निर्देश आहे, आणि सुलतानाच्या मनोऱ्यावर काम करणाऱ्या कारागिरांनी त्यात विश्वकर्म्याच्या प्रसादाचे स्मरण केले आहे. सुलतानाला ते खटकले नसावे. निदान लेख कोणी खरवडला नाही. पुढे १८०३ च्या भूकंपात माथ्यावरची छत्री पडली, आणि १८२८ मध्ये मेजर रॉबर्ट स्मिथ या इंग्रज इंजिनियराने स्वतःच्या कल्पनेची एक नवी छत्री वर बसवली. ती इतकी विसंगत दिसू लागली की १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंजने ती उतरवण्याचा हुकूम सोडला. आज ती हिरवळीवर एका बाजूस ठेवलेली आहे, आणि मनोऱ्यासाठी आलेले हजारो लोक तिच्या सावलीत बसून डबा उघडतात.

परंतु राखणे आणि नासणे यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, हे पाहावयाचे तर सांचीला गेले पाहिजे. माझ्या मते सांचीवरील प्रकरण या ग्रंथाचा कळस आहे, आणि म्हणून त्यावर थोडे अधिक रेंगाळतो. भोपाळहून विदिशेकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून ती बुटकी टेकडी व तिच्यावरील अर्धगोल दिसतो. मौर्यांनी विटांत आरंभिलेला, पुढे दगडाने मढवून वाढवलेला हा स्तूप कोणा एका राजाच्या खजिन्यातून झालेला नाही. त्याच्या कठड्यांवर व फरसबंदीवर शेकडो लहान लहान लेख आहेत. त्यांत भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, विणकर आहेत, कोणाची आई व कोणाची पत्नी आहे, आणि प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे एखादी शिळा किंवा एखादा खांब दिला आहे. दक्षिणेकडील तोरणावरचे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी केले, असे तेथेच कोरून ठेवलेले आहे. आणि त्या तोरणाशी डोळा नेऊन पाहिले, म्हणजे हत्तीच्या अंगावरची झूल, मिरवणुकीतील घोड्याचा साज, गवाक्षातून डोकावणाऱ्या स्त्रीच्या हातातील कंकणे इतक्या बारकाईने काढलेली दिसतात की, दगडावर हस्तिदंत कोरण्याची हत्यारे चालवली असावीत असा भास होतो.

हे सारे शेकडो वर्षे रानात पडून होते आणि रानात होते तोवर बहुतांशी शाबूत होते. १८१८ मध्ये जनरल टेलरच्या दृष्टीस ते पडले, आणि अवघ्या चार वर्षांनी कॅप्टन जॉन्सन नावाच्या हौशी अधिकाऱ्याने आत काय दडले आहे ते पाहण्यासाठी मोठा स्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. सापडले काहीच नाही. मागे राहिले ते केवळ भगदाड, आणि त्यापायी पुढे पश्चिमेकडील तोरणही कोसळले. देशी लोकांनीही आपला वाटा उचलला होता. दक्षिण तोरणाजवळच्या अशोकस्तंभाचे एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी तुकडे केले, असे जॉन मार्शलने नमूद केले आहे. चुनारच्या दगडाला दिलेली ती आरशासारखी झिलई आजही बुंध्यावर हात फिरवला की जाणवते, आणि तिच्यावरून गुळाचा विचार मनात यावा ही बुद्धी कोणत्या प्रतीची, याचा निवाडा वाचकांनीच करावा. १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेसी यांना तिसऱ्या स्तूपात बुद्धाच्या दोन पट्टशिष्यांचे, सारिपुत्त व महामोग्गलान यांचे, धातू त्यांची नावे कोरलेल्या करंडकांसह मिळाले. ते समुद्रापार गेले, आणि दीर्घ प्रवासानंतर १९५२ मध्ये त्याच टेकडीवर बांधलेल्या नव्या विहारात पुन्हा स्थापन झाले.

सांचीचे आजचे रूप हे १९१२ ते १९१९ या काळात मार्शलच्या देखरेखीखाली झालेल्या कामाचे फळ आहे, आणि त्या कामामागे भोपाळच्या बेगमांची दौलत होती. इस्लामी रियासतीच्या स्त्री राज्यकर्त्यांनी बौद्ध स्तूपासाठी खजिना मोकळा करावा, ही घटना आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींचीही धनी झालेली नाही. आणखी एक गोष्ट ग्रंथकारांनी योग्य ठिकाणी आणली आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीतील जेम्स प्रिन्सेपपुढे जेव्हा सांचीच्या त्या लहान लेखांचे ठसे आले, तेव्हा बहुतेक लेख एकाच अक्षरजोडीने संपतात हे त्याने हेरले, आणि दान देणाऱ्यांचे लेख ‘दानं’ या शब्दानेच संपत असले पाहिजेत असा तर्क केला. १८३७ मध्ये त्या दोन अक्षरांच्या किल्लीने ब्राह्मी लिपी उघडली, आणि अशोक बोलू लागला. ज्या विणकराने दोन हजार वर्षांपूर्वी एक शिळा दिली, त्याला आपण एका सम्राटाला वाचा देत आहोत याची कल्पना कोठून असणार!

हाच प्रिन्सेप त्यापूर्वी दहा वर्षे काशीत होता. तेथे त्याने नगराचे सांडपाणी नेणारे भुयारी गटार बांधले, आलमगिरी मशिदीचे डळमळणारे मनोरे सावरले, आणि घाटांची चित्रे काढली. त्या चित्रांतील काशी मराठी वाचकाने निरखून पाहण्यासारखी आहे, कारण जिला आपण सनातन व अनादि समजतो ती गंगेकाठची दगडी पायऱ्यांची काशी पुष्कळ अंशी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांची, आणि त्यातही मराठ्यांच्या द्रव्याची आहे. भोसले घाट, शिंदे घाट, अहल्याबाई घाट, अमृतराव पेशव्यांचा राजा घाट ही नावेच पुरेशी आहेत. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारले. त्याच्या शिखरांना पुढे रणजितसिंहांनी सोन्याचा पत्रा दिला. ज्ञानवापीची खांबांची ओवरी बायजाबाई शिंदे यांची. शिंदे घाट मात्र स्वतःच्याच भाराने खचला, आणि त्याच्या शेजारचे कललेले मंदिर आज प्रवाशांचे मोठे आकर्षण होऊन बसले आहे. अहल्याबाईंचे नाव या ग्रंथात इतक्या प्रांतांत येते की सूचीत त्यांना स्वतंत्र रकाना द्यावा लागला. सोमनाथ, गया, वेरूळचे घृष्णेश्वर, जेथे जावे तेथे त्यांचा खर्चवेच आधीच पोहोचलेला असतो. आपल्या जहागिरीच्या सीमेपलीकडे, जेथे एक रुपयाही वसूल व्हावयाचा नाही अशा मुलखात, राज्यकर्त्याने केवळ जीर्णोद्धारासाठी पैसा पाठवावा, हे त्या काळात विरळाच.

मराठ्यांचा हात सर्वत्र इतकाच निर्मळ होता असे म्हणता येत नाही, आणि ग्रंथकारांनी ते लपवलेही नाही. कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोर एकाच शिळेचा सोळा पैलूंचा अरुणस्तंभ होता. ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असता तो तेथून हलवून पुरीस जगन्नाथाच्या सिंहद्वारापुढे उभा करण्यात आला. पुरीच्या यात्रेकरूला तो आज तेथलाच वाटतो. कोणार्कची त्या वेळी पूजा बंद पडली होती, देऊळ ओसाड होते, तेव्हा स्तंभ वाचला असेही म्हणता येईल, आणि सूर्याच्या दारातला सारथी उचलून नेला असेही म्हणता येईल. मी स्वतः पहिल्या मताकडे झुकतो, पण दुसऱ्या मताच्या लोकांशी वाद घालण्याची माझी छाती नाही. तेराव्या शतकात नरसिंहदेवाने उभारलेल्या त्या देवळाचे मुख्य शिखर पूर्वीच पडले. उरलेला जगमोहन, म्हणजे पुढचा सभामंडप, तोही पडेल या धास्तीने १९०३ मध्ये तो आतून वाळूने भरून त्याची दारे दगडांनी चिणण्यात आली. ती वाळू काढावी की न काढावी, हा खल विद्वानांत पुढे दीर्घकाळ चालत राहिला. बाहेरची चोवीस चाके, नर्तकी व वादिका पाहून हर्षभरित झालेल्या प्रवाशाला, आपण ज्या मंदिराभोवती प्रदक्षिणा घालतो आहोत त्याच्या गर्भात देव नाही, तेथे वाळू भरण्यात आली, हे कोणी सांगत नाही.

तंजावरात याच्या उलट, जे सांगावयाचे ते सर्व भिंतीवरच लिहिलेले आहे. राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर १०१० च्या सुमारास पुरे झाले. दोनशे फुटांच्या घरात जाणारे त्याचे विमान सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्याच्या जोत्यावरील लेखांत एका दक्ष कारभाराचे अख्खे दफ्तर कोरलेले आहे, हे किती जण पाहतात? मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, प्रत्येक जण कोणत्या गावच्या देवळातून आली आणि तिला कोणत्या गल्लीतले कितवे घर दिले, येथपर्यंत तपशील त्यात आहे. दिव्यांच्या तुपासाठी किती मेंढ्या कोणाच्या हवाली केल्या, याचाही हिशेब आहे. त्याच मंदिराच्या आवारात, आठ शतकांनंतर, १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला; इतका प्रदीर्घ मराठी शिलालेख खुद्द महाराष्ट्रात नाही. राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेल्यानंतरचा तो लेख आहे, आणि हे ध्यानात ठेवून वाचला म्हणजे त्यातील प्रत्येक पराक्रमाच्या वर्णनाला एक निराळाच सूर लागलेला जाणवतो.

आता ज्यांचा विषय काढताना आपल्या लोकांचा पारा चढतो त्या इंग्रजांकडे वळले पाहिजे. लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली, आणि त्याच कर्झनने १९०४ चा प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला; एकाच मनुष्याच्या खाती या दोन नोंदी आहेत व एकीने दुसरी फिटत नाही. १८६१ मध्ये कनिंगहॅमच्या नेमणुकीने पुरातत्त्वाचे सरकारी काम सुरू झाले होते, पण ते बव्हंशी पाहणी व टिपणे करण्याचे. प्रत्यक्षात इमारतींची दशा काय होती? अहमदाबादेत सीदी सय्यदच्या मशिदीत, जेथील दगडी जाळीत एक झाड आपल्या फांद्या गुंफून उभे आहे, त्या मशिदीत सरकारी कचेरी भरत होती. विजापुरात एका मशिदीत मुसाफिरी बंगला होता व दुसरीत टपाल कचेरी. कर्झनने ही बिऱ्हाडे उठवली. ताजमहालात कबरीवर टांगलेला पितळी दिवा त्यानेच कैरोत घडवून घेतला. त्याचा दर्प काही लपत नाही. परंतु ज्या लोकांना तो तुच्छ लेखी, त्यांच्या पूर्वजांच्या कामापुढे त्याने टोपी उतरवली होती, हे कबूल केले पाहिजे.

अजिंठ्याच्या बाबतीत मात्र सदिच्छेनेच घात केला. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथला लेण्याची कमान दिसली, आणि त्याने दहाव्या लेण्यात खांबावरील चित्रावरच आपले नाव खरडून ठेवले. नाव खरडणाऱ्या आजच्या महाविद्यालयीन तरुणांची परंपरा अशी जुनी व प्रतिष्ठित आहे. पुढे रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे तेथे राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या; लंडनला नेलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या, आणि गिल १८७९ मध्ये भुसावळास वारला. नंतर मुंबईच्या कलाशाळेतील ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी बारा-तेरा वर्षे खपले. त्यांच्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. निजामाच्या सरकारने १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा चिकटवला हे उपकार, पण वरून जे लाखेचे रोगण फासले ते काळाने पिवळे पडले, आणि त्या पिवळ्या पडद्याआडून पद्मपाणीचे मूळ वर्ण बाहेर काढण्यात पुढच्या रसायनज्ञांची हयात गेली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३२ मध्ये अजिंठ्यावर सचित्र ग्रंथ काढला, तो एका लहान संस्थानाच्या अधिपतीने स्वतः कुंचला धरून केलेल्या कामाचा पुरावा म्हणून जपून ठेवण्यासारखा आहे.

हंपीविषयी थोडक्यात. विठ्ठल मंदिरापुढील दगडी रथावर पूर्वी विटांचे शिखर होते. १८५६ मध्ये ग्रीनलॉने घेतलेल्या छायाचित्रांत ते दिसते, आज ते नाही. म्हणजे नोटेवर जो रथ छापला आहे तो विजयनगरच्या लोकांनी कधी तशा रूपात पाहिलाच नव्हता. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने येथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही आपली परंपरागत कथा. इतिहासाच्या कसोटीला ती कितपत उतरते हा प्रश्न बाजूस ठेवला तरी, त्या रित्या गाभाऱ्यापुढे उभा राहिलेला वारकरी इतर प्रवाशांपेक्षा काही निराळे पाहत असतो, यात संशय नाही.

जयपूरचे प्रकरण मला अपेक्षेहून अधिक आवडले, कारण ग्रंथकारांनी हवामहालास एका परिच्छेदात वाटेला लावून सर्व भर जंतरमंतरवर दिला आहे. सवाई जयसिंहाने दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. त्यांपैकी मथुरेची नामशेष झाली. त्याच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे ज्योतिषी मूळचे महाराष्ट्रातील. युक्लिडची भूमिती व टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. जयपूरच्या सम्राटयंत्राची भिंत सुमारे नव्वद फूट उंच आहे, आणि तिची सावली शेजारच्या संगमरवरी कमानीवरून सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. म्हणजे कमानीवर बोट ठेवून स्वस्थ उभे राहिले तर पृथ्वीचे फिरणे डोळ्यांनी दिसते. सावली मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही म्हणून यंत्राला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. यंत्र जयपूरची वेळ सांगते, घड्याळ सबंध देशाची सांगते, आणि या तंट्यात खोटे कोणीच नाही. १९०१-०२ मध्ये या यंत्रांची दुरुस्ती झाली ती गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याने चंद्रधर गुलेरी या तरुण पंडिताच्या साह्याने केली. हेच गुलेरी पुढे हिंदी कथाकार म्हणून प्रसिद्धीस आले. उज्जैनची वेधशाळा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी सावरली.

विस्मृतीने राखलेल्या स्थळांचा एक स्वतंत्र भाग आहे. अकराव्या शतकात राणी उदयमतीने पाटणला बांधवलेली विहीर सरस्वतीच्या पुरांनी गाळाने भरून गेली, आणि १९८० च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा त्या गाळाखाली मूर्तींच्या नाकांच्या शेंड्यांसुद्धा शाबूत भिंती निघाल्या. खजुराहोचा मात्र शोध लागला म्हणण्यात फारसा अर्थ नाही; १८३८ मध्ये कॅप्टन बर्टला तेथे नेले ते त्याच्या पालखीच्या भोयांनी सांगितले म्हणून, आणि मतंगेश्वराची पूजा तर तेथे कधी थांबलेलीच नव्हती. भोयांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आणि ज्या वास्तू रोजच्या वापरात आहेत त्यांचे काय? फ्रेडरिक स्टीव्हन्सचे बोरीबंदरचे स्थानक १८८८ मध्ये पुरे झाले. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास सुटली ती याच परिसरातून. त्याच्या खांबांवर माकडे, मोर, पाने, फुले कोरलेली आहेत, आणि ७.४२ ची लोकल गाठणारा चाकरमान्या त्यांच्याखालून जन्मभर जाऊन एकदाही मान वर करीत नाही. यात त्याचा दोष नाही, कारण स्थानक हे मान वर न करता चालता यावे यासाठीच असते. हावडा पुलाची गोष्ट याहून विलक्षण. १९४३ मध्ये खुला झालेल्या या सव्वीस हजारांवर टन पोलादाच्या, रिव्हेटांनी सांधलेल्या पुलाला महायुद्धाने काही केले नाही. परंतु पादचाऱ्यांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी त्याच्या टांगत्या खांबांची बुडे खाऊन टाकली, आणि चुना-काताच्या या हल्ल्यापासून पोलादाला वाचवण्यासाठी शेवटी फायबरग्लासची वेष्टने चढवावी लागली.

ग्रंथात ज्या उणिवा आहेत त्याही सांगितल्या पाहिजेत. ईशान्येकडील राज्यांना अवघी नऊ पाने मिळाली आहेत, काश्मीरच्या मार्तंडावर याहून पुष्कळ लिहिता आले असते, आणि रायगडाविषयी लिहिताना, समाधीच्या उपेक्षेविरुद्ध प्रथम महात्मा फुले व पुढे टिळकांनी जी चळवळ केली तिचा उल्लेख एका तळटीपेत कोंबला आहे, हे एका मराठी ग्रंथाला शोभत नाही. नर्मदेकाठच्या १८२ मीटर उंच पुतळ्यासारख्या नव्या बांधकामांना मुद्दाम वगळले आहे. ती राखावी लागण्याइतकी जुनी झालेली नाहीत, हे त्याचे कारण ग्रंथकारांनी दिले आहे व मला ते पटते. नकाशे चांगले आहेत. छायाचित्रे कृष्णधवल आहेत, आणि गवंडी, पहारेकरी, परांची यांची छायाचित्रे राजवाड्यांच्या छायाचित्रांपेक्षा अधिक आहेत.

परिशिष्टात प्रत्येक स्थळाच्या दर्शनाच्या वेळा व सुट्टीचे वार दिले आहेत, ते घर सोडण्यापूर्वी जरूर पाहावेत. ताजमहाल शुक्रवारी, अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, आणि रविवारी रात्री संभाजीनगरास उतरून दोन दिवसांत दोन्ही लेणी उरकण्याचा बेत करणाऱ्यांनी तो उलट क्रमाने करावा, म्हणजे सोमवारी वेरूळ व मंगळवारी अजिंठा.